चामखिळीला सावली असते

"ठेवू का काढू?"

समोर बसलेल्या माणसाची हनुवटी दोन बोटांनी धरायची, चेहरा खिडकीकडे वळवायचा, आपला एक डोळा मिटायचा आणि हा प्रश्न विचारायचा. भाऊंची ही रीत. माणूस गडबडून जायचा. पासपोर्ट फोटोपुरता आलेला तो बिचारा, आपल्या तोंडावर ठेवण्या-काढण्यासारखं काही आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसायचं. मग भाऊ लांबूनच बोट दाखवायचे. "ही नाकाच्या बाजूची. आन् ही मानेवरची. चामखीळ हाय. फोटोत ठेवू का काढू?"

अहेरीत बाजाराच्या रस्त्याला त्यांचा फोटो स्टुडिओ आणि त्याला चिकटून माझं औषधाचं दुकान. मधे भिंत म्हणून प्लायवुडची एक फळी. माझ्याकडे लोक हळू आवाजात आपलं दुखणं सांगायचे ते त्यांना ऐकू जायचं, आणि त्यांच्याकडे नवरा-नवरी फोटोसाठी खिदळायची ते मला. अशा शेजारात माणसाबद्दल काही लपून राहत नाही. ते मला बाई म्हणायचे, मी त्यांना भाऊ. सगळा बाजार त्यांना भाऊच म्हणायचा.

तुमच्याही गावात असा एखादा फोटोवाला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, ही माणसं तुमच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत. भाऊंची नजर समोरच्याच्या गालावरून, हनुवटीखालून, मानेच्या घड्यांवरून फिरत असायची. माझ्या दुकानात चहा प्यायला आले तरी गिऱ्हाईकाच्या मानेकडे बघत बसायचे. एकदा एका हवालदाराला हे खटकलं. "काय पाहून राह्यले?" त्यानं दरडावून विचारलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, दाढीच्या जागी लाईनीनं चामखिळी उगवल्या तुमाले. वस्तऱ्यानं पेरल्या हायेत. काही दिवस दाढी नोका करू." हवालदारानं आरशात पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम उतरला.

आणि गंमत अशी, की भाऊंच्या स्वतःच्या नाकाच्या डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी चामखीळ होती. खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी. ते बोलायला लागले की माणूस आधी तिच्याकडे बघायचा आणि मग त्यांच्याकडे. मी कितीदा म्हटलं, भाऊ, चंद्रपूरला कातडीचा डॉक्टर आहे, जाळून देईल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "ही दुकानाची पाटी हाय, बाई. पाटी काढली तं लोकं दुकान कसं ओळखतीन?"

त्यांचा हात रोलच्या काळात तयार झालेला. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल आणि एक केसासारखा बारीक ब्रश घेऊन ते लोकांचे मुरूम, डाग, चामखिळी पुसायचे. पुढे कॉम्प्युटर आला, माऊस आला, पण तो ब्रश काही त्यांच्या शर्टाच्या खिशातून गेला नाही. त्याला काम उरलं नव्हतं. लेन्सवरची धूळ झटकायला तेवढा वापरायचे. लोहखनिजाचे ट्रक या रस्त्यानं धावायला लागल्यापासून धुळीला तोटा नव्हता.

त्यांनी ओळखायची एक युक्ती काढली होती. "तिळाले सावली नसते बाई, चामखिळीले असते." पडद्यावर चेहरा भला मोठा करून ते मला दाखवायचे. तीळ कातडीतच झोपलेला असतो, चामखीळ वर उठते, म्हणून तिच्या एका बाजूला काळी रेघ पडते. तीळ ते ठेवायचे, चामखीळ काढायचे. पापणीजवळ आणि मानेवर दोऱ्यासारख्या लोंबणाऱ्या असतात, तोंडावर सपाट, तांदळाच्या कणीसारख्या असतात, त्यांचीही सावली त्यांना दिसायची.

मी औषधशास्त्र शिकलेली बाई, मला हे पटायचं निम्मंच. उठावदार तीळही असतात. आणि एखादा तीळ वाढायला लागला, रंग बदलायला लागला, रक्त यायला लागलं, तर सावली असो की नसो, डॉक्टरकडे पळायचं असतं. मी हे सांगितलं की ते हसायचे. "तुमचं पुस्तक वेगळं, माहा लाईट वेगळा."

त्यांच्या त्या प्रश्नाला बहुतेक सगळे "काढा" म्हणायचे. "ठेव" म्हणणारी एकच म्हातारी भाऊंना आयुष्यभर पुरली. आत जंगलातल्या कुठल्याशा गावची, मुलासोबत कागदपत्रांच्या फोटोसाठी आलेली. कपाळावर, बरोबर भुवईच्या वर, तिला मोठी चामखीळ. भाऊंनी विचारलं तशी ती भडकली. "काऊन काढतं रे? माह्या मायलेबी इथीच होती. तिले पाहाले आता मी कुठी जाऊ? ठेव." ही गोष्ट भाऊ मला चहासोबत पुन्हापुन्हा सांगायचे आणि दर वेळी त्यांना तितकंच हसू यायचं.

त्यांनी फोटोतली काढली की लोक फळीला वळसा घालून माझ्याकडे यायचे. "भाऊनं फोटोतली काढली, आता तुमी खरी काढा." माझ्याकडे हातापायाच्या चामखिळींवर लावायचं औषध असतं. आम्लच ते. तोंडाला लावू नका असं खोक्यावर छापलेलं असतं, आणि मी ते तोंडासाठी कुणालाच देत नाही. त्यावर लोक नाक मुरडतात. कुणी घोड्याचा केस बांधून आलेला असतो, कुणी चुना थापलेला, कुणी रुईचा चीक. एकीनं पेटती अगरबत्ती टेकवली होती. मी ओरडून सांगायची, अहो, हा विषाणू आहे, खाजवाल तर पसरेल, उपटाल तर पसरेल, दुसऱ्याच्या वस्तऱ्यानं पसरेल. डॉक्टर गोठवतात, विजेनं जाळतात, नाहीतर थांबा, पुष्कळांच्या आपोआप जातात. थांबायचं म्हटलं की लोकांचं तोंड उतरतं. चेहऱ्याच्या बाबतीत थांबायची तयारी माझ्या पाहण्यात कुणाचीच नाही.

भाऊंची तरी कुठे होती.

त्यांची मुलगी सुजाता. आई ती लहान असतानाच गेली, भाऊंनीच वाढवली. चंद्रपूरला शिकायला होती, शिक्षण आटोपून परत आली तेव्हा हनुवटीवर एक बारीक चामखीळ घेऊन आली. मैत्रिणीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये दोऱ्यानं हनुवटीवरची लव काढून घेतली, आणि बघता बघता हनुवटीखाली आणि मानेवर त्यांचा पुंजका झाला. मी दोघांना चंद्रपूरला पाठवलं. डॉक्टरनं नीट समजावलं. साध्या चामखिळी आहेत, जिवाला काही धोका नाही, वर्षा-दोन वर्षांत आपसूक जाऊही शकतात. घाई असेल तर थोड्या थोड्या करून गोठवू, पण चेहरा आहे, सबुरीनं घ्यावं लागेल, नाहीतर डाग राहतील. पुढची तारीख दिली. सुजाता खुशीत परत आली. तिला कसलीच घाई नव्हती. घाई होती ती भाऊंना, कारण राजुऱ्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कोळसा खाणीत नोकरीला होता.

स्थळाला फोटो पाठवायचा होता. फोटो तयार झाला तेव्हा त्यांनी मला हाक मारून बोलावलं. पडद्यावर दोन सुजाता होत्या. एक जशी होती तशी, आणि दुसरी भाऊंनी साफ केलेली. काम असं बेमालूम की मीही क्षणभर भुलले. भाऊंच्या तोंडावर कारागिराचा आनंद मावत नव्हता.

सुजाता मागे उभी होती. "बाबा, ही मी नाई वाटत."

"तूच हायस. चामखीळ गेल्यावरची तू."

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. "भाऊ, पाहुणे फोटोशी बोलायला येणार आहेत का?" मी म्हटलं. भाऊ हसले. मोबाईलवरून फोटो गेला, तिकडून लगेच होकार आला आणि पाहुण्यांचा दिवस ठरला.

घरात बाईमाणूस नाही म्हणून चहा-पोह्यांना मी होते. मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्या. सुजाता बाहेर आली, बसली. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पर्समधून मोबाईल काढला, फोटो उघडला आणि मोबाईल सुजाताच्या तोंडाशेजारी धरला.

"फोटोतली पोरगी बाहेर बोलवा न, भाऊ," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

आत्यानं पडद्यावर दोन बोटं टेकवून फाकवली, हनुवटी मोठी केली आणि तिथे बघून परत इथे बघितलं. भाऊ रोज जे काम करायचे, तेच ती त्यांच्या बैठकीत बसून करत होती. मुलगा आपल्या बुटांकडे बघत राहिला. सुजाताची मान ताठ होती, पण पदराखाली तिचे हात एकमेकांना घट्ट धरून होते ते मला दिसत होतं. मला त्या बाईच्या हातातला मोबाईल हिसकून बाहेर फेकावासा वाटत होता. पण अशा वेळी आपण सगळेच पोह्याची ताटली पुढे करतो.

निघताना आत्या मोठ्या मनानं म्हणाली, "पोट्टी चांगली हाय. साफ करून घ्या. पौर्णिमेले साक्षगंध करून टाकू."

दार लागल्यावर सुजाता म्हणाली, "मंग आता मी घाण हाय का?" हे ती आम्हा दोघांना विचारत होती. मी काहीतरी बोलले. भाऊ खिडकीच्या उजेडात लेकीच्या हनुवटीकडे बघत होते, एक डोळा मिटून.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. "बाई, थे दवा द्या."

"तोंडाची नाही देत. तुम्हाला माहीत आहे."

"माहा हात बारीक हाय. ब्रशनं लावतो. बाजूले लागू नाई देत."

"डॉक्टरांची तारीख आहे ना?"

"थे पौर्णिमेच्या बादची हाय."

"मग पौर्णिमा पुढे ढकला."

"पाहुने ढकलता येत नाईत, बाई." मग जाताना म्हणाले, "तुमच्या दुकानात नाई, तं जंगलात हाय."

मला वाटलं, रागानं बोलले असतील, होतील शांत.

आठवडी बाजारात आजूबाजूच्या गावांतल्या बाया जंगलातलं काय काय घेऊन बसतात. मोहफुलं, चारोळीची चारं, आणि बिब्बे. काळ्या चकचकीत बिब्ब्याला चटका दिला की त्यातून तेल सुटतं. पायाच्या भेगांवर तेवढा ठिपका लावतात. ते तेल कातडी जाळतं हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भाऊंना माहीत नव्हतं असं नाही. ज्या म्हातारीकडून त्यांनी बिब्बे घेतले, तिनं मला मागाहून सांगितलं, की कशासाठी नेता म्हणून तिनं विचारलं होतं आणि त्यांनी खरं सांगितलं होतं. "म्या म्हनलं, तोंडाले नोको लावू, भाऊ. उतते, फोडं येते. थो म्हने, माहा हात पक्का हाय." म्हातारी हे सांगताना माझ्याकडे न बघता टोपलीतले बिब्बे सारखे करत होती.

त्यांचा विश्वास औषधावर नव्हताच. होता तो स्वतःच्या हातावर. इतकी वर्षं ज्या हातानं लोकांच्या चेहऱ्यावरचं नेमकं तेवढंच उचललं, बाजूचा एक केसही हलू दिला नाही, तो हात लेकीच्या वेळी चुकेल कसा? फोटोचा चेहरा हलत नाही, त्यातून घाम येत नाही, त्यावर लावलेलं ओघळून गळ्यात उतरत नाही, एवढीच गोष्ट ते विसरले. दुसऱ्या कुणी बापानं अशा घाईत पोरीला एखाद्या वैदूकडे नेलं असतं. भाऊंनी स्टुडिओचे दिवे लावले.

सुजातानं हे मला फार पुढे सांगितलं. गिऱ्हाइकांसाठीच्या त्याच स्टुलावर त्यांनी तिला बसवलं. हनुवटी दोन बोटांनी धरली, एक डोळा मिटला, खिशातला तो ब्रश काढला. प्रत्येकीवर एक ठिपका. तिनं का बसून घेतलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बाबाचा हात होता न, बाई." मग म्हणाली, "त्या दिवशी त्यानं मले विचारलंच नाई. ठेवू का काढू, थे."

पुढच्या दुपारी फळीपलीकडून तिचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसता आवाज. मी धावले. तिचा चेहरा सुजून एक डोळा मिटला होता, हनुवटीपासून गळ्यापर्यंत फोडांचे ओघळ उतरले होते, जिकडे तेल वाहत गेलं तिकडे. भाऊ कोपऱ्यात उभे होते, खोबरेल तेलाची बाटली हातात घेऊन. झाकण काढायचं त्यांना सुचत नव्हतं. मी तिला धुतलं, सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून चंद्रपूरला. ती बरी झाली. म्हणजे जगली, डोळा वाचला. हनुवटीखाली आणि मानेवर काळपट, ओढलेली कातडी राहिली ती कायमची.

राजुऱ्याहून कुणी विचारायलाही आलं नाही. साखरपुड्याची पौर्णिमा आली आणि गेली.

मी भाऊंना सोडलं नाही. सुजाता घरी आल्यावर एक दिवस त्यांच्या दुकानात उभी राहून, बाहेर गिऱ्हाईक आहे हे बघूनही बोलले. "तुमची स्वतःची आयुष्यभर नाकावर मिरवलीत. पाटी म्हणे! पोरीची मात्र पुसायला निघालात."

त्यांनी मान वर केली नाही. "माह्या तोंडाले पाह्याले कोन येनार होतं, बाई?"

खरंच होतं ते. पुरुषाच्या नाकावरची चामखीळ दुकानाची पाटी होते आणि पोरीच्या हनुवटीवरची झाली की बैठकीत मोबाईल निघतात. पण म्हणून मी त्यांना माफ केलं नाही. मला त्यांचा राग होता. तो अजूनही आहे, ते गेल्यावरही.

सगळ्यात कडू गोष्ट पुढच्या उन्हाळ्यात कळली. सुजाता माझ्याकडे आली, दुकानात कुणी नाही असं बघून तिनं केस बाजूला केले आणि उजव्या कानाची पाळी दुमडली. "बाई, पाहा न." मी चष्मा लावून पाहिलं. कानामागे काहीच नव्हतं. स्वच्छ कातडी. आधी तिथेही एक चामखीळ होती. फोटोत येत नाही म्हणून भाऊंनी तिला हात लावला नव्हता. डॉक्टरनं सांगितलं होतं तशी ती आपली आपण निघून गेली होती, खूणही न ठेवता.

"बाबाले नोका सांगू," ती म्हणाली.

मी नाही सांगितलं. पण तिला कुठल्याशा नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता, तेव्हा ते त्यांना कळलंच. मी झेरॉक्ससाठी त्यांच्या दुकानात उभी होते. कान दिसायला हवेत म्हणून तिनं केस मागे घेतले. भाऊंनी सवयीनं तिचा चेहरा खिडकीकडे वळवला आणि तिथेच थांबले. बराच वेळ ते त्या कानामागे बघत राहिले. मग त्यांनी दिवे बंद केले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. तो फोटो शेवटी समोरच्या फ्लेक्सवाल्याकडून काढून घ्यावा लागला.

तेव्हापासून भाऊंनी फोटोतलं काही काढायचं बंद केलं. "काढत नाई. जसं हाय तसं," एवढंच म्हणायचे. लग्नाळू पोरी यायच्या, त्यांच्या आया यायच्या, विनवण्या करायच्या. "काढत नाई." लोक समोर जायचे, तिथे चेहरा दुधासारखा करून मिळायचा. हळूहळू स्टुडिओत उरले ते झेरॉक्सवाले. खिशातला ब्रश दिसेनासा झाला. त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

नोकरीचं काही झालं नाही, तेव्हा काउंटरवर सुजाता बसायला लागली. गळा झाकायची नाही. येणारा माणूस आधी मानेकडे बघायचा आणि मग, आपल्याकडे लोकांना बोलल्याशिवाय राहवतच नाही, विचारायचा, "काय झालं वं पोरी?"

"बिब्बा लागला," ती म्हणायची.

आतून, पडद्यामागून, भाऊंचा आवाज यायचा. "लागला नाई. म्या लावला."

प्रत्येक वेळी. गिऱ्हाईक ओळखीचं असो, परगावचं असो, ती त्यांना वाचवायला बघायची आणि ते आतून स्वतःला पकडून द्यायचे. एक-दोनदा ती चिडून म्हणाली, "बाबा, चूप बसा न." ते चूप बसले नाहीत. ही दोन वाक्यं फळीपलीकडून ऐकली की मी गोळ्या मोजताना मोजणं विसरायची. चामखिळीला बिब्बा लावायचा विचार करून आलेले काही जण मात्र ते ऐकून, तिची मान बघून, मुकाट्यानं चंद्रपूरच्या गाडीची वेळ विचारायचे.

भाऊ गेले ते असेच, दुकान उघडताना. शटर अर्धं वर गेलं आणि ते खाली बसले. मी पोचले तेव्हा काही उरलं नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली, बुद्धवंदना झाली, सुजातानं सगळं स्वतः केलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

दोन दिवसांनी बाजारातल्या दुकानदारांनी चौकात बॅनर लावला. मी सकाळी दुकानाकडे येत होते. वर "भावपूर्ण श्रद्धांजली" वाचलं, खालचा गोरा, गुळगुळीत चेहरा बघितला आणि मनात म्हटलं, आता हे कोण गेलं? बॅनरखाली उभे असलेले दोघंतिघंही एकमेकांना तेच विचारत होते. "कोन गेलं बाप्पा?" नाव तर होतं, पण भाऊंचं नाव कुणाच्या लक्षात होतं?

फ्लेक्सवाला माझ्याजवळ आला. पस्तिशीचा माणूस, पूर्वी भाऊंकडेच काम शिकलेला. आयुष्यभर लोकांचे फोटो काढणाऱ्या भाऊंचा स्वतःचा धड फोटो नव्हता, कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून त्यानं तो शोधून काढला होता. "काकू, मस्त साफ केला न? भाऊनंच शिकवलं मले," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. नाकाची डावी बाजू आरशासारखी चकचकीत होती. त्याला शिव्या द्याव्यात असं फार वाटलं, पण शिकवणारा तर वर टांगलेला होता.

सुजाता आली. चौकात उभी राहून तिनं बॅनरकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग स्टुडिओत गेली आणि ते स्टूल घेऊन आली. बॅनर बांबूंना तसा खालीच बांधला होता. ती स्टुलावर चढली. आपल्या कपाळावरची तपकिरी टिकली काढली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी बॅनरवरची हनुवटी धरली, हलतं कापड ताठ केलं, एक डोळा मिटला आणि टिकली नाकाशी नेली.

"बाई, इथी?"

"जरा वर," मी म्हटलं.

तिनं टिकली दाबून चिकटवली. थोडं मागे झुकून बघितलं. "ठेवते," ती म्हणाली. ते मला उद्देशून नव्हतं.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. गावांकडून बाया यायला लागल्या होत्या. बिब्बेवाली म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन चौकातून चालली होती. तिला वाचता येत नाही. जाता जाता तिनं वर पाहिलं आणि थबकली.

"अगे माय," ती म्हणाली, "फोटोवाला भाऊ गेला?"

तिनं टोपली खाली ठेवली आणि बॅनरकडे बघत हात जोडले. मग स्टुलावरून उतरणारी सुजाता तिला दिसली, सुजाताची मान दिसली. म्हातारी वाकली आणि टोपलीतल्या बिब्ब्यांवर तिनं फडकं ओढून घेतलं.